थाकिऱ्याला गेलो तो शुक्रवार

दोह्यात थंडी आली की ती आम्हाला आधी ऐकू यायची. एप्रिलपासून रात्रंदिवस घरघरणारे खिडकीतले ए.सी. नोव्हेंबर सरता सरता एखाद्या सकाळी बाबा एकेक करून बंद करत, आणि ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात एकदम इतके आवाज शिरत की वाटे, कोणी तरी कानातला कापूस काढला. समोरच्या मशिदीतली बांग, खालच्या किराणा दुकानाचं वर जाणारं शटर, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंचा मिक्सर, शाळेच्या पिवळ्या बसचा चिडका हॉर्न. एका जुन्या व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या घरांपैकी एक आमचं होतं. दोन खोल्या, आणि पूर्वी कोणाची तरी गॅलरी असलेलं स्वयंपाकघर. त्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. थंडीत त्या सताड उघड्या टाकून आई विळीवर नारळ खवायची. ती विळी तिने वेंगुर्ल्याहून साड्यांत गुंडाळून आणली होती. खवण्याच्या त्या खर्र-खर्र आवाजाने मी आणि माझा धाकटा भाऊ ओम जागे व्हायचो. आजही कुठे तो आवाज कानावर पडला की मला आधी दोहा आठवतं, कोकण नंतर.

आई खाडीकाठच्या घरात वाढलेली. लग्नाआधी ती शाळेत भूगोल शिकवायची. बाबा नाशिकचे, रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर. त्यांना न्यायला कंपनीची बस अंधारात यायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. आमची जुनी, उंच, पांढरी गाडी दिवसभर खाली धूळ खात उभी असायची. आईकडे लायसन्स होतं. इथली ड्रायव्हिंगची परीक्षा म्हणजे बायकांच्या गप्पांमधला कायमचा विषय. कोण किती वेळा नापास झालं ते एकमेकींना माहीत असायचं. आई तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाली, तेव्हा आमच्याकडे श्रीखंड झालं होतं. पण मग थोड्याच दिवसांत शाळेच्या पार्किंगमध्ये मागे घेताना तिने गाडी खांबाला घासली. फार काही झालं नाही, नुसता रंग उडाला. पण मागे गाड्यांची रांग, सगळ्यांचे हॉर्न, एक माणूस काच खाली करून ओरडत होता, आणि फाटकाशी आम्ही दोघं दप्तरं घेऊन उभे. आईने गाडी तिथेच बंद केली आणि बाबांना फोन करून आम्हाला टॅक्सीने घरी घेऊन आली. त्यानंतर लायसन्स पर्समध्ये गेलं ते गेलंच. बाबा म्हणाले, "राहू दे गं शुभा. मी आहे ना." ते अगदी मनापासून म्हणाले होते. पण आठवड्यातले पाच दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, ते नसायचे.

त्या वर्षी शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली आणि वर्ग रिकामा झाला. कोणी जॉर्जियाला, कोणी तुर्कस्तानला बर्फ बघायला, बाकीचे भारतात. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार की नाही ते ठरलेलं नव्हतं, आणि डिसेंबरातली विमानाची भाडी ऐकून बाबांनी नुसती मान हलवली होती. मी अकरा वर्षांची होते आणि गाल फुगवून बसण्यात तरबेज होते. त्यातच एका संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघराकडे गेले, तर आईचा आवाज आला. "मी मुलांना घेऊन नाशिकला जाते. तिथल्या शाळेत मिळेल ॲडमिशन. इथे मी काय करते सांगा. तुम्ही यायची वाट बघते. भाजी संपली तरी वाट बघते, ओमला ताप आला तरी वाट बघते." बाबा म्हणाले, "सुट्टी संपू दे. मग ठरवू." मी पाणी न पिताच परत फिरले. ओमला काही सांगितलं नाही. बाबा एकीकडे आणि आम्ही एकीकडे, हे माझ्या मनात कुठे बसेचना.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी जाहीर केलं, "शुक्रवारी आपण पण ट्रिपला जातोय. थाकिऱ्याला."

"ते कुठे आलं?" मी विचारलं.

"उत्तरेला, खोर गावाच्या पुढे. जंगल आहे. सरकारने राखलंय."

ओमला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. त्याने घास तसाच धरून विचारलं, "फॉरेस्ट? इन कतार?"

"इन कतार. आणि तेही समुद्रात," बाबा म्हणाले. "तिकीट नाही, बुकिंग नाही. गाडीत पेट्रोल घालायचं आणि डबा घ्यायचा. खलास."

डबा या शब्दाने आईच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. गुरुवारी संध्याकाळपासून घरात नुसती धांदल उडाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, दहीभाताला वरून फोडणी, आणि पहाटे उठून घावणे. बिडाच्या तव्यावर घावण्याचं पीठ पडलं की होणारा तो चर्र आवाज, आणि त्या पाठोपाठ खिडकीतून आत येणारी गार हवा. मी न उठवता उठले आणि स्वेटर घालून तिच्या शेजारी उभी राहिले. पहिला घावणा तिने माझ्या हातावर ठेवला. बाहेर बांग झाली. आई गुणगुणत होती. बऱ्याच दिवसांनी.

गाडीत बसण्याआधी बाबांनी आम्हाला ओळीत उभं केलं. प्लांटवर काम सुरू करण्याआधी सगळ्यांना धोके समजावून सांगायची पद्धत असते. बाबा ती घरी आणत. "नीट ऐका. एक, पाण्यात कोणी एकटं जायचं नाही. दोन, काहीही उचलून घरी आणायचं नाही, ती राखीव जागा आहे. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पायातलं काढायचं नाही. शिंपले असतात, काचा असतात. कळलं?" आम्ही "यस सर" म्हणून ओरडलो आणि निघालो.

दोह्याच्या उंच इमारती मागे पडल्या, समैस्माचा फाटा गेला आणि मग दोन्ही बाजूंना नुसतं सपाट, खडखडीत, भुरकट वाळवंट. सूर्य वर आला तेव्हा आम्ही खोर ओलांडलं होतं. डांबरी रस्ता संपला, वाळूची वाट लागली, गाडी डोलायला लागली. बाबा आईला दाखवत होते, "वाळूत आलं की थांबायचं नाही. ब्रेक मारला की चाक रुतलं. हळू, पण चालत राहायचं." आई बाहेर बघत होती. तिचं लक्ष होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आणि मग एका चढावरून खाली उतरलो तर समोर हिरवं. इतकं हिरवं की ओम सीटवर उभा राहिला. त्या भुरकट जगाच्या कडेला, निळ्या उथळ पाण्यात, माणसापेक्षा थोडी उंच झाडं गर्दी करून उभी होती, आणि त्यांच्यामधून पाण्याच्या वाटा आत आत गेल्या होत्या.

आईने गाडी थांबायच्या आत दार उघडलं. "अगो बाय माझे! ही तर तिवरां!" तिचं माहेरचं मालवणी एरवी फोनवरच निघायचं. ती धावत पाण्याशी गेली. आईला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं का, मला आठवत नाही. ओहोटी होती. चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी मुळं वर आली होती. "ही त्यांची नाकं," आई सांगत होती, "चिखलात श्वास घ्यायला वर येतात. आमच्या घरामागे हीच होती. मी न् माझा भाऊ ह्यांच्यातून होडी न्यायचो. मनू, हंयसर ये! हे भोक बघ. ह्याच्या खाली तिसरी असणार." चिखलात तिने बोट घातलं आणि खरंच एक तिसरी, म्हणजे छोटा शिंपला, वर आणला.

बाबा मागून ओरडले, "काही उचलायचं नाही!"

"बघतेय फक्त!" आई हसत ओरडली आणि तिसरी परत चिखलात ठेवून वरून थोपटली.

ती सकाळ मी कशी सांगू. खेकडे होते, एकच नांगी मोठी असलेले, ते आम्हाला बघून नांगी हलवत आणि मग बिळात पळत. चिखलावर उड्या मारणारे मासे होते. ओमने ते पाहून "दॅट फिश इज वॉकिंग!" असं इतक्या जोरात सांगितलं की पलीकडच्या पाण्यातला रोहित पक्ष्यांचा थवाच्या थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून गुलाबी होऊन गेला. आम्ही चौघंही माना वर करून, तोंडं उघडी ठेवून उभे. जॉर्जियाचा बर्फ माझ्या डोक्यातून कधी निघून गेला ते मला कळलंसुद्धा नाही. थोड्या अंतरावर एका कतारी कुटुंबाचा हिवाळ्याचा तळ होता. मोठा तंबू, गालिचे, निखाऱ्यांवर किटली. तिथल्या मुली आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. आम्ही सतरंजी टाकली आणि घावणे, पुऱ्या, भाजी यांच्यावर तुटून पडलो. बाबा आडवे झाले आणि म्हणाले, "सांगा आता, तुर्कस्तानात मिळाले असते का घावणे?"

जेवणानंतर पाणी हळूहळू चढायला लागलं होतं. ओमचा एक सँडल उथळ पाण्यातल्या चिखलात रुतला. तो ओढायला गेला तर पाय आला, सँडल राहिला. त्याने भोकाड पसरलं. बाबा सतरंजीवरून तसेच उठले, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. "बाबा, तुमचे बूट!" मी म्हटलं. "हे काय, दोन पावलं तर आहेत," ते म्हणाले. त्यांनी सँडल काढला, वर धरून आम्हाला दाखवला, मागे वळले आणि किंचाळले.

मोठा माणूस तसा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. ते पाण्यातच खाली बसले. त्यांच्या घोट्याजवळून पाणी लाल व्हायला लागलं आणि वाळूतून एक सपाट, पंख्यासारखी सावली निघून खोल पाण्याकडे गेली. आई माझ्या बाजूने कधी धावली आणि गुडघाभर पाण्यात कधी पोचली कळलं नाही. "पाकट! माका दिसला तेचा शेपूट! पाकटान मारल्यान!" पाकट म्हणजे चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा मासा, शेपटीवर काटा असतो आणि काट्यात विष. आई लहानपणापासून तो खात आली होती. आम्ही तिघांनी मिळून बाबांना ओढत काठावर आणलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, थंडीतही घाम फुटला होता. पाय धरून ते नुसते "आई गं, आई गं" म्हणत होते. मग त्यांना उलटी झाली.

आईने फोन काढला. नेटवर्कची एक रेघ यायची आणि जायची. दोनदा लागला, दोनदा तुटला. तेवढ्यात तंबूकडून त्या घरातली म्हातारी येताना दिसली. काळा अबाया, तोंडावर सोनेरी चकाकी असलेला जुन्या पद्धतीचा मुखवटा, हातात काठी, मागे नाती. नाती तिला यद्दा म्हणत, म्हणजे आजी. तिने एकदा पायाकडे पाहिलं आणि नातींना अरबीत काहीतरी फर्मावलं. मग आईला हिंदीत म्हणाली, "गरम पानी. बहुत गरम. पाँव अंदर. दर्द कम होगा." मुली किटली आणि प्लास्टिकची बादली घेऊन पळत आल्या. यद्दाने स्वतः हात घालून पाणी पाहिलं, थोडं गार मिसळलं आणि बाबांचा पाय धरून आत बुडवला. बाबा आणखी एकदा ओरडले आणि मग हळूहळू त्यांचा श्वास जागेवर यायला लागला. पण जखमेतून रक्त थांबत नव्हतं, आणि आत काहीतरी टोकदार मोडून राहिलेलं दिसत होतं.

"हॉस्पिटल," यद्दा म्हणाली. "खोर में. नजदीक."

"आपके घर में कोई आदमी?" आईने विचारलं. "गाडी चलाने के लिए?"

यद्दाने हात हलवला. शुक्रवारची दुपार होती. तळावरची सगळी पुरुष माणसं गाड्या घेऊन नमाजाला गावात गेली होती. आमची सोडून तिथे एकही गाडी नव्हती. "सब मस्जिद गया," ती म्हणाली. मग आमच्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवून, "तुम चलाओ."

आई गाडीकडे बघत राहिली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. चिखलाने भरलेले हात, ओली सलवार, आणि शाळेच्या फाटकाशी होते तेच डोळे. "मुझे डर लगता है," ती अगदी हळू म्हणाली.

"डरो," यद्दा म्हणाली. "लेकिन चलाओ. यल्ला, यल्ला!"

आम्ही बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं. त्यांचा पाय यद्दाच्या बादलीत, आणि बादली ओमच्या मांडीत. सँडलसाठी रडणारा माझा भाऊ ती बादली दोन्ही हातांनी कवटाळून असा बसला होता की त्यातून एक थेंब सांडला नाही. सतरंजी, डबे सगळं तसंच राहिलं. यद्दाच्या नातींनी ते गोळा करून डिकीत कोंबलं. मी पुढे बसले. आईने सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, किल्ली लावली. किल्ली दोनदा निसटली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मनू, उजव्या बाजूला तू बघायचं. काही आलं तर सांगायचं. रडू नको."

"मी नाही रडत," मी म्हटलं. खरं तर भीती होतीच. पण तिच्याबरोबर एक अशी उत्सुकता होती की मला स्वतःचीच लाज वाटली. माझी आई गाडी चालवणार होती.

भरतीचं पाणी वाटेवर झिरपलं होतं. सकाळी कोरडी असलेली वाळू काळी, ओली झाली होती. गाडी एकदा उजवीकडे सरकली, मागचं चाक फिरून आवाज झाला. मागून बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "शुभा, ब्रेक... ब्रेक नको..."

"तुमी गप ऱ्हवा!" आई कडाडली.

बाबांना असं कोणी बोललेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आईने स्टीअरिंग घट्ट धरलं, ओठ आत घेतले, आणि ना थांबली ना जोर केला. गाडी डोलत, घसरत, कण्हत पुढे जात राहिली. एकदा एवढी तिरकी झाली की मी दाराला चिकटले. आई पुटपुटत होती, "चल बाय, चल, चल." ती मला सांगते आहे की गाडीला, कळत नव्हतं. मग पुढची चाकं डांबरावर आली, मग मागची, आणि ते गुळगुळीतपण अंगाला जाणवलं. ओम मागून ओरडला, "आई! यू डिड इट!" आणि पाठोपाठ, आयुष्यात पहिल्यांदा न सांगता मराठीत, "पाणी नाही सांडलं!"

खोरपर्यंत वाटेत राउंडअबाउट होते. आधीच्या प्रत्येक राउंडअबाउटला आई डोळे मिटायची, बाबा चालवत असतानाही. त्या दिवशी पहिल्यापाशी ती थांबली, डावीकडे पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी तिच्याकडे पाहिलं. "देऊ दे त्याला," ती म्हणाली आणि तिसऱ्या ट्रकच्या मागून अशी सफाईने आत शिरली की मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला थांबलीच नाही. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागापाशी गाडी उभी राहिली, स्ट्रेचर आला, बाबांना आत नेलं, आणि दारावरच्या माणसाने आईला सांगितलं, मॅडम, गाडी हलवा, ॲम्ब्युलन्सची जागा आहे. पार्किंग भरलेलं. दोन मोठ्या गाड्यांमध्ये एक फट. मी बाहेर उतरून हातवारे करायला लागले. आईने काच खाली केली आणि म्हणाली, "मनू, बाजूला हो. मला दिसतंय." आणि मागे घेऊन एका दमात गाडी त्या फटीत बसवली.

परवा फोनवर मी तिला विचारलं, त्या वेळी मनात काय होतं. ती म्हणाली, "काय असणार? पाकट आणि तुझे बाबा." ती आता थकली आहे, ऐकायला कमी येतं. पण थाकिऱ्याचं नाव काढलं की आवाज चढतो. "आणि ती म्हातारी! तिची बादली आपल्याकडेच राहिली ना गं?" तिला वाईट वाटतं ते त्या बादलीचंच. पुढच्याच शुक्रवारी आम्ही ती परत करायला गेलो होतो हे ती विसरली आहे, आणि मीही तिची चूक दुरुस्त करत नाही, कारण मग ती पूर्ण गोष्ट पुन्हा सांगते.

आत डॉक्टरांनी पायातला काट्याचा तुकडा काढला, एक्स-रे घेतला, इंजेक्शन दिलं. गरम पाण्याचं कोणी सांगितलं, असं विचारून नर्सने मान डोलावली. बाबांना थोडा वेळ ठेवून घेतलं होतं. तेवढ्यात आई आम्हाला गाडीपाशी घेऊन आली आणि डिकी उघडली. उरलेल्या पुऱ्या, चटणी, चेपलेला दहीभात. आम्ही तिघं डिकीच्या कडेला बसून खायला लागलो. आईने एकामागून एक पुऱ्या संपवल्या. गालाला चिखल लागलेला, केस सुटलेले. ओमने विचारलं, "आई, कॅन यू ड्राइव्ह अस टू द बीच टुमॉरो?" ती पुरी चावता चावता थांबली, आणि मग इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि हसता हसताच डोळ्यांना पाणी आलं. मी तिच्या पाठीवर थापा मारत राहिले.

बाबा पायाला भलंमोठं बँडेज बांधून व्हीलचेअरवर बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. ते म्हणाले, "मी ऑफिसमधल्या कोणाला तरी फोन करतो. येऊन गाडी नेईल. हायवे आहे, शुभा. अंधार पडेल."

आईने पुढचं डावीकडचं दार उघडलं आणि चालकाच्या जागेवर बसली. "मनू, तू मागे जा. बाबांना पुढे बसू दे, पाय लांब करता येईल." एवढंच. बाबांनी फोन खिशात ठेवला.

नाशिकच्या शाळेचा विषय नंतर आमच्या घरात कोणी काढला नाही. सुट्टी संपली, मार्च आला आणि गेला, बाबांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, आणि मी वाट बघत राहिले की आता कोणी तरी काहीतरी बोलेल. आई तेव्हा बहुधा गाडी घेऊन बाहेर गेलेली असायची. पुढे दोह्यातल्या मराठी मुलांना ती शनिवारी मराठी शिकवायला लागली, पार फरीज बिन ओमरानला जाऊन, आणि ओम तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून इंग्रजीत उत्तरं देत असे. ते सगळं पुढचं. पण तो परतीचा प्रवास मला अजून जसाच्या तसा हवा असतो, म्हणून तोच शेवटी सांगते.

हायवे म्हणजे दोन्ही बाजूंनी सुसाट वाहणारी नदी. आई उजव्या कडेच्या लेनमध्ये होती. सुरुवातीला इतकी हळू की मागचे ट्रकही बाजूने निघून जात होते. बाबा सीटच्या कडेला धरून बसले होते. त्यांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. आरशात मला ते दिसत होतं. त्यांना सांगायचं होतं, सिग्नल दे, अंतर ठेव, वेग वाढव. एकही शब्द त्यांनी बाहेर येऊ दिला नाही. मग आईने आपण होऊन सिग्नल दिला, आरशात पाहिलं आणि एका सिमेंटच्या गाडीला ओलांडून पुढे गेली. ओमने आणि मी श्वास रोखला होता तो एकदम सोडला. बाबा म्हणाले, "वा." आईचे खांदे खाली आले. खिडकी तिने थोडी उघडली. गार वारा आत आला आणि तिचे सुटलेले केस उडायला लागले. सूर्य डावी-उजवीकडे न बघता सरळ वाळवंटात उतरला, आकाश केशरी, मग जांभळं झालं, आणि समोर दोह्याचे मनोरे एकेक करून उजळू लागले. ते दिवे मी शेकडो वेळा पाहिले होते. पण ते बाबांनी दाखवलेले असायचे. आज आई आम्हाला त्यांच्याकडे घेऊन चालली होती.

शहर आलं, सिग्नल आले, वरून जाणारे रस्ते, खालून जाणारे रस्ते. आई पाटी वाचायची, ओठ हलवायची, वळायची. आमच्या भागाची पाटी दिसली तसा ओम सँडल शोधायला वाकला. मीही स्वेटर गोळा केला. आमचं वळण आलं.

आणि आईने ते जाऊ दिलं.

मागे वळून मी पाहिलं, आमच्या मशिदीचा हिरवा दिवा दूर जात होता. बाबा आईकडे वळले. "चुकलं का गं? काळजी करू नको, पुढून यू-टर्न..."

"चुकलं नाही," आई म्हणाली. समोर दक्षिणेला वक्रा गावाकडे जाणारा रस्ता सरळ, रिकामा, दिव्यांनी भरलेला पसरला होता. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते तिला जमलं नाही. "अजून थोडं," ती म्हणाली, आणि वेग वाढवला.